सायकल पुनर्वापर केंद्र

सायकल पुनर्वापर केंद्र म्हणजे पडून राहिलेल्या, मोडलेल्या अथवा मालकाला नकोशा झालेल्या सायकली देणगीदाखल गोळा करून, त्या दुरुस्त करून गरजू व्यक्तींना मोफत किंवा नाममात्र किमतीत देणारी, नफा न कमावणारी लोकसंस्था. सायकलीचे वाटप हा या कामाचा लोकांना दिसणारा भाग असतो. त्याचे यशापयश मात्र दुरुस्तीच्या कार्यशाळेत आणि वाटपानंतरच्या देखभालीत ठरते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकण किनारपट्टीवर खारी हवा, मुसळधार पाऊस आणि चढउतारांचे रस्ते या तिन्ही गोष्टी सायकलीच्या मुळावर येणाऱ्या असल्यामुळे इथे हे काम देशावरच्या सपाट मुलखापेक्षा वेगळ्या रीतीने करावे लागते. प्रस्तुत नोंदीत त्याच अंगाने विवेचन केले आहे.

अशा संस्थांची आजची घडण प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या, अमेरिकेतील बॉस्टनच्या ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ या संस्थेने निकाराग्वाला जुन्या सायकली पाठवण्यापासून सुरुवात केली. पुढे मुलांना दुरुस्ती शिकवायची आणि शिकता शिकता त्यांनी नीट केलेली सायकल त्यांनाच द्यायची, अशी पद्धत तिने रुजवली. शिकागोतील ‘वर्किंग बाइक्स’ (१९९९) ही संस्था याच वाटेने गेली. नामिबियात तर ज्या कंटेनरमधून जुन्या सायकली येत, तो कंटेनरच गावात ठेवून त्याचे दुकान करण्यात आले आणि गावातल्याच माणसांना कारागीर म्हणून तयार करण्यात आले. सायकलीबरोबर दुरुस्तीची सोयही पोचवणारी ही कल्पना कोकणासाठी विशेष मोलाची आहे.

भारतात सायकलवाटपाचा मोठा अनुभव सरकारी योजनांचा आहे, आणि त्या योजना नव्या सायकलींच्या आहेत. तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेच्या जोडीने हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. तिचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांना मुलींच्या माध्यमिक शाळेतील प्रवेशात सुमारे ३२ टक्के वाढ झाल्याचे आणि मुलगे-मुलींमधील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते. हे आकडे उत्साह वाढवणारे असले, तरी बिहारचा बराचसा भाग गंगेचे सपाट मैदान आहे, हे विसरून ते जसेच्या तसे संगमेश्वर किंवा कणकवलीच्या वाड्यांना लावणे धाडसाचे ठरेल.

कोकणातील गाव हे एकगठ्ठा वस्तीचे नसते. ते वाड्यांत विखुरलेले असते आणि एका वाडीतून दुसरीत जाताना ओढा, घाटी किंवा जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, लागते. पाखाडीवरून सायकल चालवता येत नाही. ती खांद्यावर घ्यावी लागते किंवा खाली रस्त्याकडेच्या एखाद्या पडवीत ठेवून घरी जावे लागते. उलट अलिबाग-नागाव-चौल-रेवदंडा हा पट्टा, वसई-अर्नाळा, डहाणू-बोर्डी, समुद्राला समांतर लांबलचक पसरलेले गुहागर, मालवणजवळचे तारकर्ली-देवबाग हे भाग बरेचसे सपाट असून तिथे सायकल सहज चालते. रत्नागिरी आणि राजापूरच्या बाजूला मात्र सड्यावरून, म्हणजे खडकाळ उंच पठारावरून, बंदराकडे उतरणारे रस्ते तीव्र उताराचे आहेत. जाताना पाय न हलवता पोचणारा मुलगा परतताना अर्ध्या वाटेने सायकल ढकलतच येतो. खाड्यांचा अडथळा तुलनेने कमी जाचतो, कारण दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी आणि वेसवी-बागमांडले या फेरीबोटींवर सायकल चढवता येते आणि लहान तरींवरही ती आडवी घालून नेण्याची रीत आहे. एकंदरीत, कोणाला सायकल द्यावी हे ठरवण्याआधी त्या व्यक्तीची वाट पाहून येणे, हे कोकणातील केंद्राचे पहिले काम ठरते. उत्पन्नाच्या दाखल्याइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, या वाटेचा विचार व्हावा.

सायकली येतात त्या मुख्यतः मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांतून. जिन्याखाली आणि वाहनतळाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या सायकलींत मुलांच्या, लवकर आखूड पडलेल्या सायकली आणि हौसेने घेऊन चार दिवसांत विसरलेल्या गिअरच्या सायकली यांचाच भरणा असतो. कोकणाला यात एक सोयीची गोष्ट आहे: चाकरमान्यांचे गावाशी असलेले नाते. गणपती आणि शिमग्याला गावाकडे जाणारे टेम्पो, तसेच आंबा मुंबईला पोचवून परतणाऱ्या गाड्या यांतून सायकली कमी भाड्यात आणता येतात. सायकलीला मोटार वाहन कायद्याखालील नोंदणी नसल्यामुळे मालकीचा कागद क्वचितच हाती येतो. म्हणून देणाऱ्याकडून सहीचे पत्र घेणे आणि सांगाड्यावरचा, बहुधा पेडलच्या दांड्याखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला क्रमांक वहीत उतरवून ठेवणे आवश्यक असते. ही वही नसेल, तर चोरीची सायकल वाटल्याचा ठपका संस्थेवर येण्यास वेळ लागत नाही.

दुरुस्तीचा आरंभ निवडीने होतो, आणि इथे कठोर असणे भाग आहे. पोलादी सांगाड्याला गावच्या वेल्डिंगवाल्याकडे डाग देता येतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा तडकला की तो भंगारातच जातो. किनाऱ्यावर आणखी एक दुखणे हमखास आढळते. ॲल्युमिनियमचा सीटदांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षे तसाच राहिला, की खारट दमटपणात दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया होऊन तो नळीत घट्ट धरतो आणि मग घण घातला तरी हलत नाही. असे होऊ नये म्हणून दांड्याला ग्रीस लावूनच तो बसवायचा, हा नियम केंद्रातील प्रत्येकाच्या अंगवळणी पडावा लागतो. चेन ताणली आहे की नाही हे फूटपट्टीने कळते: नव्या चेनचे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरतात; ते बारा इंच आणि वर एक अष्टमांश इंच भरू लागले, की चेन बदलावी, नाहीतर ती पेडलकडचे चेनव्हील आणि मागच्या चाकाचे फ्रीव्हील या दोन्हींचे दाते खाते. पेडल काढताना नवशिके हटकून फसतात, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

हब (चाकाचा मधला भाग), पेडलचा मधला दांडा आणि हँडलची नळी या तिन्ही ठिकाणचे छर्रे काढून रॉकेलने धुणे, छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात त्या कटोरी आणि कोन यांवर खड्डे पडले आहेत का ते पाहणे, ताजे ग्रीस भरून पुन्हा बसवणे आणि शेवटी तारा आवळून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणे, याला सायकलवाले ‘ओव्हरऑइल’ म्हणतात. पुरात बुडालेल्या सायकलीला हे सगळे पाणी ओसरल्यावर लगेच करावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा पुराचा बारीक गाळ छर्ऱ्यांच्या घरात शिरतो. बाहेरून धुऊन पुसलेली सायकल चांगली दिसते, पण आतला गाळ पॉलिश कागदासारखा कोन झिजवत राहतो आणि काही महिन्यांत चाक डगमगू लागते. वरवर नवी दिसणारी सायकल देऊन छायाचित्रे काढणे आणि प्रत्यक्षात चालणारी सायकल देणे, यांतील अंतर इथेच दिसते.

ब्रेकचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. साध्या काळ्या सायकलीची चाके क्रोम चढवलेल्या पोलादाची असतात आणि पोलादी रिम ओली झाली की ब्रेकची रबरे तिच्यावरून घसरतात. ॲल्युमिनियमच्या रिमवर पावसातही पकड पुष्कळ चांगली राहते. दक्षिण कोकणात वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या शाळेच्या दिवसांतच कोसळतो. तेव्हा सड्यावरून उतरणाऱ्या विद्यार्थ्याला ॲल्युमिनियम रिमची आणि तारेच्या ब्रेकची सायकल, आणि सपाट किनाऱ्यावरील मासेविक्रेत्याला अथवा पाववाल्याला मजबूत कॅरिअरची पोलादी सायकल, अशी वाटणी करणे शहाणपणाचे ठरते. चढासाठी एक स्वस्त उपायही आहे. बिनगिअरच्या सायकलीला मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर त्याऐवजी २२ दात्यांचे बसवावे. सपाटीवरचा वेग थोडा कमी होतो, पण घाटी चढताना मांड्या भरून येत नाहीत.

सुट्या भागांच्या साठ्यात टायरचा गोंधळ नेहमीचा असतो. २६ × १⅜ आणि २६ × १.९५ असे लिहिलेले दोन टायर नावाने दोन्ही ‘सव्वीसचे’ असले, तरी त्यांच्या कडांचा व्यास वेगळा असल्यामुळे एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. तालुक्याच्या दुकानात जो टायर मिळत नाही, ती सायकल कितीही भारी असली तरी वाटपातून बाजूला ठेवावी. मुंबईतून येणाऱ्या महागड्या सायकलींबाबत हा मोह आवरणे संस्थांना कठीण जाते.

लाभार्थ्यांमध्ये आठवीपुढील विद्यार्थी अग्रक्रमाने येतात, आणि त्याला कारण आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे; त्यापुढील हायस्कूल त्याहून लांब असू शकते, आणि एस.टी.ची फेरी शाळेच्या वेळेशी जुळेलच असे नाही. चालत तासभर लागणारे पाच किलोमीटर सायकलीने वीस-पंचवीस मिनिटांत होतात. विद्यार्थ्यांखेरीज आशा सेविका, रायगडमधील कातकरी आणि पालघरमधील वारली वस्त्यांतून मजुरीसाठी बाहेर पडणारी माणसे, हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरांवरील खलाशी, तसेच रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांत राखणीला येणारे नेपाळी कामगार यांना सायकल उपयोगी पडते. शेवटच्या दोन गटांकडे रहिवासाचे स्थानिक कागद नसतात, म्हणून कागदांवर अडून बसणाऱ्या योजनांतून ते सुटतात. लोकसंस्थेला तिथे जास्त मोकळीक असते. प्रौढ स्त्रियांना द्यायच्या सायकलीला आडवा वरचा दांडा नसावा, आणि ज्यांना सायकल येत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या मैदानावर आठवडाभर शिकवणीची सोय असावी.

सायकल फुकट द्यावी की अल्प मोबदला घ्यावा, यावर मतभेद आहेत. फुकट दिलेली वस्तू विकली जाते, असा एक आक्षेप घेतला जातो; पण अडचणीच्या वेळी सायकल विकणारे कुटुंब काही गुन्हा करत नसते. नाममात्र किंमत घेण्याचे खरे समर्थन वेगळे आहे: पैसे मोजणाऱ्याला सायकल बिघडली म्हणून केंद्रात येऊन तक्रार करण्याचा संकोच वाटत नाही. ज्यांना तेही परवडत नाही, त्यांनी काही दिवस कार्यशाळेत हात लावावा, ही बॉस्टनची पद्धत इथेही चालण्याजोगी आहे.

संस्थात्मक बाजू थोडक्यात अशी : महाराष्ट्रात असे केंद्र सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे किंवा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली नोंदवता येते. आयकर कायद्याखाली देणगीवर मिळणारी सवलत वस्तुरूप देणगीला लागू होत नाही, त्यामुळे सायकल देणाऱ्याला करसवलतीची पावती देता येत नाही. टायर, ट्यूब आणि मजुरीसाठी पैसे देणाऱ्याला ती मिळू शकते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून पैसा येतो, परंतु तो बहुधा नव्या सायकलींसाठी आणि वाटपाच्या समारंभासाठी सहज मिळतो. मेकॅनिकच्या पगारासाठी तो मिळवताना नाकी नऊ येतात.

वाटपानंतरची देखभाल किनाऱ्यावर ऋतूनुसार आखावी लागते. आगोटीच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यात घराघरांत शाकारणी आणि पावसाळ्याची बेगमी चालू असते, तेव्हा सर्व सायकली एकदा केंद्रात बोलावून ब्रेकची रबरे बदलणे, चेनला जाड तेल देणे आणि मडगार्ड घट्ट करणे उपयुक्त ठरते. पावसात सायकल पागोळ्यांखाली न ठेवता पडवीत घ्यावी, आणि समुद्रालगतच्या घरांत ती आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, एवढे सांगितले तरी तारा आणि त्यांना रिमशी आवळणारे निपल लवकर गंजून तुटण्याचे प्रमाण घटते. जस्ताचा मुलामा असलेल्या स्वस्त तारांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारा घातल्या, तर खर्च वाढतो, पण देवबागसारख्या दोन्ही बाजूंनी खारे पाणी असलेल्या ठिकाणी तो वसूल होतो.

मुले उंच झाली की त्यांच्या सायकली परत घेऊन धाकट्यांना द्याव्यात आणि उंच झालेल्यांना मोठ्या मापाच्या द्याव्यात. ज्या सायकली दुरुस्तीपलीकडे जातात, त्यांचे हब, क्रँक, स्टँड, कॅरिअर काढून साठ्यात जमा होतात. ट्यूबच्या पट्ट्या कॅरिअरवर ओझे बांधायला वापरल्या जातात, आणि उरलेला सांगाडा वजनावर भंगारवाल्याकडे जातो. त्या विक्रीतून छर्रे आणि ग्रीस यांचा किरकोळ खर्च भागतो.