लेकरू घडीघडी वाकते, ते पोटाचंच असते असं नाही

पाचसहा महिन्यांचं लेकरू झोपून उठलं की एकदम मान खाली टाकते, हात फाकवते, पाय पोटाशी ओढते, दोन सेकंदात सैल पडते, थोड्या वेळानं परत तेच, असं ओळीनं दहा-वीस वेळा. आजी म्हणते, "पोट दुखत असन वं, घुटी दे." दिसतेही तसंच, कारण ही आकडीच असली तरी तोंडाला फेस येणारी नाही. पण झटके असे घोळक्यानं येत असतील आणि हसणारं लेकरू हसणं विसरलं असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा अन् सरळ नागपूर किंवा सेवाग्राम गाठा, ईईजी करा, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची तपासणी. इथे एकेक आठवडा महाग पडतो, मेंदूची वाढच अडते ना.

1841 मध्ये डॉ. वेस्ट यांनी स्वतःच्याच मुलाचे असे झटके पत्रात लिहून छापले, म्हणून नाव वेस्ट सिंड्रोम. कामाचं औषध मात्र 1958 मध्ये कळलं, एसीटीएच, म्हणजे आपल्याच मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन. त्याचं इंजेक्शन महाग, म्हणून आपल्याकडे बरेच डॉक्टर प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड देतात, हे तोंडावाटे देता येते अन् स्वस्त आहे. अंगावर पांढरे चट्टे असलेल्या ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या, म्हणजे जीनमधल्या दोषानं होणाऱ्या एका आजाराच्या लेकरांना मात्र आधी व्हिगाबॅट्रिन हे औषध.

आता व्हिटॅमिन. मेंदूला शांत ठेवणारं गाबा नावाचं रसायन बनवायला बी6 लागतेच. काही थोड्या लेकरांत जन्मतःच जीनमध्ये दोष असतो, त्यांना बी6 चा मोठा डोस मिळाल्याशिवाय झटके थांबत नाहीत आणि तो जन्मभर घ्यावा लागतो. जपानमध्ये तर बी6 आधी देऊन बघायची पद्धत आहे. पण बहुतेक लेकरांचं एकट्या बी6 वर भागत नाही, आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्या टॉनिकच्या थेंबांत असते ते बी6 अगदीच जरासं, त्याच्या भरवशावर बसू नका. आई शाकाहारी अन् लेकरू नुसत्या अंगावरच्या दुधावर असेल तर बी12 पण तपासून घ्या.

प्रेडनिसोलोननं गाल फुगतात, शेजारीण म्हणते बाळसं धरलं, ते बाळसं नव्हे. भूक वाढते, किरकिर वाढते, बीपी चढू शकते, इन्फेक्शन लवकर होते, त्यामुळे घरात कोणाला टीबी असेल तर डॉक्टरला आधीच सांगा आणि गोवरासारखी जिवंत लस कधी द्यायची तेही विचारा. डोस मनानं बंद करायचा नाही, बाहेरून मिळते म्हणून लेकराच्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीनं आपलं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असते, डॉक्टर उतरवतील तसाच उतरवायचा.