लाइट कर्टनमधली 'टेस्ट' नक्की कुठली? थोडी पार्श्वभूमी

लाइट कर्टन म्हणजे प्रेससमोरचा प्रकाशकिरणांचा पडदा, हात आत गेला की प्रेस थांबवणारा. कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये "कर्टन टेस्ट केला का?" विचारा. ऑपरेटर म्हणणार हो, शिफ्टच्या सुरुवातीला पडद्यातून टेस्टचा रॉड फिरवला. पॅनलवाला म्हणणार टेस्ट इनपुटला वायरच नाहीये. मेंटेनन्सवाला म्हणणार अहो ती टेस्ट तर आउटपुटवर आपोआप चालू असते. तिघंही खरंच बोलतायत, फक्त तिन्ही टेस्ट वेगवेगळ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या काळात आल्यात.

सगळ्यात जुनी रॉडची. 1950 च्या दशकात युरोपात असे पडदे आले तेव्हा आत दिवा, फोटोसेल आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) एवढंच होतं. रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला की हात आत गेला तरी प्रेस चालूच, आणि बाहेरून काहीच कळायचं नाही. मग रॉड घालून बघायचं.

पुढं अशा पडद्यांसाठी आयईसी 61496 हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं आणि सुरक्षेच्या पातळीनुसार टाइप 2, टाइप 4 असे भाग पडले. दुसरी टेस्ट इथली: टाइप 2 ला ठराविक वेळानं टेस्ट लागते, म्हणजे टेस्ट इनपुटला सिग्नल दिला की एमिटर (किरण सोडणारी बाजू) क्षणभर बंद होतो, आउटपुट पडलं पाहिजे, म्हणजे बंद झालं पाहिजे, नाही पडलं तर लॉकआउट, म्हणजे कर्टन प्रेस चालूच देत नाही. पण दोन टेस्टच्या मधे बिघाड झाला तर पुढची टेस्ट येईपर्यंत तो लपून राहतो. माझं मत स्पष्ट आहे, हाताने माल भरायच्या प्रेसवर टाइप 2 बसवूच नये, स्वस्त पडतो म्हणून तर अजिबातच नाही. 2012 च्या आवृत्तीत टाइप 2 ला पीएल सी (सेफ्टीच्या ए ते ई पातळ्यांमधली मधली) पर्यंतच मर्यादा घातली, हे आधीच व्हायला हवं होतं.

तिसरी टेस्ट म्हणजे ओएसएसडीचे, म्हणजे कर्टनच्या सेफ्टी आउटपुटचे, पल्स, आणि खरा गोंधळ इथंच आहे. रिले जाऊन 24 व्होल्टचे दोन ट्रान्झिस्टर आउटपुट आले. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, किंवा केबल घासून दोन्ही वायरी एकमेकींना किंवा 24 व्होल्टला चिकटल्या, तर आउटपुट चालूच राहणार. म्हणून कर्टन स्वतःच एकेक चॅनल आळीपाळीनं क्षणभर पाडतो आणि खरंच पडला का ते वाचतो. हा पल्स साधारण काहीशे मायक्रोसेकंदांचा, कॉन्टॅक्टरला (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) तो जाणवतही नाही, पण फास्ट इनपुटच्या साध्या पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर) वाटतं कुणीतरी हात घातला.

एका शॉपमध्ये प्रेस उगाच थांबतोय म्हणून त्या सिग्नलवर 50 मिलिसेकंदांचा ऑफ डिले, म्हणजे सिग्नल पडल्याचं तेवढं उशिरा मानणं, टाकलेला मी बघितलाय. ट्रिपिंग थांबलं, सगळे खूश. पण कर्टन किती लांब बसवायचा त्या हिशोबात हाताचा वेग सेकंदाला 2000 मिलिमीटर धरतात, म्हणजे कर्टन डायपासून आणखी 100 मिलिमीटर लांब न्यायला हवा होता आणि तो जागचा हललाच नव्हता. रॉड घातला की प्रेस थांबत होताच, त्यामुळं सकाळची टेस्ट रोज पास. खरं तर तिथं सेफ्टी रिले लावायचा होता, नाहीतर पल्स गाळणारा सेफ्टी इनपुट.

आणि पल्सची टेस्ट वायरीच्या टोकापर्यंतच, पुढचा कॉन्टॅक्टर चिकटलाय का ते तिला दिसत नाही. त्याला ईडीएमचा (कॉन्टॅक्टरवर नजर ठेवणारा) लूप लागतो, कॉन्टॅक्टरच्या एनसी (कॉन्टॅक्टर बंद असताना जोडलेल्या) कॉन्टॅक्टमधून परत आणलेला, आणि आपल्याकडं बऱ्याच पॅनलमध्ये नेमका तोच बंद करून ठेवलेला सापडतो.