घरातील आग व सुटकेची योजना

राहत्या घरात आग लागल्यास कुटुंबातील प्रत्येकाने कोणत्या वाटेने, कोणाला बरोबर घेऊन आणि कोठे बाहेर पडायचे हे आधी ठरवून त्याचा सराव करणे, यास सुटकेची योजना म्हणतात. आग लागू नये म्हणून घ्यायच्या काळजीविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते. बाहेर पडण्याच्या वाटेचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो.

घरगुती आगीच्या नेहमीच्या कारणांत भार न पेलणारे जुने वायरिंग, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चालणारी अनेक उपकरणे, गॅसची गळती, देव्हाऱ्यात तेवत राहिलेली समई आणि अलीकडे रात्रभर चार्जिंगला लावलेली विजेच्या दुचाकीची बॅटरी यांचा समावेश होतो. सिलिंडरमधील स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसल्यामुळे गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. असा वास आल्यास रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

बहुतेक बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने जातात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस गुंगीत जातो आणि त्याला उठण्याचेही भान राहत नाही. झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही. म्हणून झोपण्याच्या खोलीबाहेर छताला धूरसूचक यंत्र बसवणे उपयोगी ठरते. धूर छताकडून खाली उतरत असल्याने जमिनीलगत, गुडघ्यांवर रांगत बाहेर पडावे. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला तळहाताची मागची बाजू लावून पाहावी. ते तापलेले असल्यास उघडू नये.

महाराष्ट्रातील शहरांत सुटकेच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण म्हणजे खिडकीची लोखंडी जाळी. चोरीच्या भीतीने आणि चार कुंड्या ठेवायला जागा मिळावी म्हणून बसवलेले बॉक्स ग्रिल अनेकदा चारही बाजूंनी बंद असते. त्यात उघडणारी झडप असलीच, तर तिचे कुलूप पावसाळ्यांनी गंजलेले आणि किल्ली कोणत्या खणात आहे हे कोणालाच ठाऊक नसलेले, असे सर्रास आढळते. अशा घरात अग्निशमन दलाची शिडी खिडकीपर्यंत पोहोचली, तरी आधी जाळी कापावी लागते आणि मोलाचा वेळ जातो. झडप आतून, किल्लीशिवाय, घरातील लहान मुलालाही उघडता येईल अशी असावी. रात्री आतून कुलूप लावल्या जाणाऱ्या सेफ्टी डोअरलाही हेच लागू पडते: किल्ली दाराजवळच्या ठरलेल्या खिळ्यावरच हवी, उशीखाली किंवा पर्समध्ये नव्हे.

इमारतीत लिफ्ट वापरू नये, कारण वीज गेल्यास ती मजल्यांच्या मधेच अडकते आणि तिच्या विहिरीतून धूर वर चढतो. जिन्यातच धूर भरला असेल, तर खाली धावण्यापेक्षा घरात परतून दार लावावे, फटीत ओले टॉवेल कोंबावेत आणि रस्त्याकडील खिडकीतून हाका मारून किंवा रंगीत कापड हलवून लक्ष वेधावे. चप्पलांचे रॅक, सायकली आणि जुने फर्निचर यांनी अडलेला जिना हा सोसायटीच्या बैठकीत वर्षानुवर्षे पुढे ढकलला जाणारा विषय आहे; खरे तर तो सर्वांत आधी मिटवायला हवा. उंच इमारतींत आश्रयासाठी राखलेला मोकळा भाग असतो, त्याला रहिवासी ‘रिफ्यूज एरिया’ म्हणतात. तेथे अडगळ ठेवू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते.

योजना करताना प्रत्येक खोलीतून शक्यतो दोन वाटा शोधाव्यात. आजीआजोबा, तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती यांना कोणी बाहेर काढायचे, हे नावानिशी ठरवावे, कारण घाईत प्रत्येकाला वाटते की दुसरा त्यांना घेऊन गेला असेल. फाटकाजवळचे झाड किंवा समोरचे दुकान अशी जमण्याची एक जागा नक्की करावी. सराव रात्री दिवे मालवूनही करावा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात प्राण गमावलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो; अनेक सोसायट्या याच आठवड्यात असा सराव घेतात.

बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ वर दूरध्वनी करून पत्ता आणि जवळची खूण सांगावी. जमण्याच्या जागी डोकी मोजावीत. कोणी आत राहिले असल्यास स्वतः परत न शिरता, ते कितव्या मजल्यावर, कोणत्या खोलीत आहेत, हे बंबावरील पहिल्या जवानाला सांगावे.