मिशिगनचा माज आणि अलाबामाचा माज

गाय माजावर येते तसा अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणांचाही माज असतो. तिथले शिकारी त्याला ‘रट’ म्हणतात. नराची मान फुगते. कोवळ्या झाडांवर शिंगं घासून तो साल सोलून काढतो, खाली झुकलेल्या फांदीखालचा पाचोळा खुरांनी उकरतो आणि त्या उघड्या मातीत मुततो. एरवी उजेडात न दिसणारा हा प्राणी भर दुपारी मादीमागे धावत सुटतो.

या खुणा उत्तरेकडच्या मिशिगन राज्याला आणि दक्षिणेकडच्या अलाबामाला सारख्याच. तारखा मात्र वेगळ्या, आणि घोळ होतो तो इथेच.

मिशिगनमध्ये बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याला फळतात. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा, म्हणजे पाडसं मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. आधी जन्मली तर गारठून मरतील, उशिरा जन्मली तर पुढच्या हिवाळ्याआधी अंग धरणार नाहीत. त्यामुळे तिथे वेळेला ढिलाई नाही. ‘यंदा थंडी नाही, माज लांबला’ असं दरवर्षी कानावर येतं. ते खरं नाही. दिवस लहान होऊ लागला की हरणाचं शरीर ते ओळखतं. उबदार हवेत हरणं दिवसा कमी हिंडतात, एवढंच. बंदुकीने शिकार करायचा हंगामही तिथे १५ नोव्हेंबरलाच उघडतो.

अलाबामात हिवाळा तेवढा जीवघेणा नाही, म्हणून बऱ्याच भागात माज थेट जानेवारीत येतो. पण सगळ्या राज्याला जानेवारी लावू नका. वायव्येकडच्या बँकहेड जंगलात १९२०च्या दशकात मिशिगनहून हरणं आणून सोडली होती. त्यांच्या वंशजांचा माज आजही आसपासच्या हरणांच्या बराच आधी येतो! मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. फ्लोरिडात तर दक्षिण टोकाला जुलै-ऑगस्ट आणि वायव्येला जानेवारी-फेब्रुवारी, एकाच राज्यात.

म्हणून दक्षिणेत जाताना राज्याचं नाव पुरत नाही, काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, विचारा. वन्यजीव खात्याची माणसं गाभण माद्यांच्या पोटातल्या भ्रूणाची लांबी मोजतात, त्यावरून दिवस मागे मोजून मादी कधी फळली ते काढतात. त्या तारखांवर विसंबावं.

आणि डिसेंबरात मिशिगनला पुन्हा धावपळ दिसली, तर तो दक्षिणेसारखा उशिराचा माज समजू नका. नोव्हेंबरात न फळलेली मादी साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते, नर तिच्याच मागावर असतात.