मीठ खाली, पाणी वर

ऐरोलीच्या खाडीकाठी भर उन्हाळ्यात तिवराच्या पानावरून बोट फिरवून बघा. बारीक कण लागतात. जिभेला लावले की खारट! तिवराची मुळं खाडीतलं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात, तरी आत शिरलेलं मीठ पानांतल्या ग्रंथी बाहेर टाकतात. खाऱ्या चिखलात उभं राहून हे झाड दिवसभर स्वतःपुरतं गोडं पाणी मिळवत असतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

क्षार गोड्या पाण्यातही असतात, पण लिटरमागे साधारण एक ग्रॅमच्या आत. समुद्रात ते सरासरी 35 ग्रॅम. आपलं मूत्रपिंड इतकी खारट लघवी बनवूच शकत नाही. म्हणून समुद्राचं पाणी प्यायलं, तर त्यातलं मीठ बाहेर काढायला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्ची पडतं आणि तहान वाढतच जाते.

मग गोडं पाणी येतं कुठून? मिठागर आठवा. ठाण्याहून मुंबईकडे जाताना मुलुंड-भांडुपच्या बाजूला मिठागरांची जमीन लागते. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत कोंडायचं, ऊन त्याची वाफ करतं, मीठ खाली राहतं. आगरी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ते मीठ ओढलं. वर गेलं ते गोडं पाणी. अख्खा समुद्र असंच एक मिठागर आहे आणि जूनमध्ये सह्याद्रीवर कोसळतो तो त्यातलाच वर गेलेला वाटा.

हे काम किती महागडं आहे ते बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 0.67 युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. म्हणजे 15 लिटरच्या एका बादलीमागे 10 युनिट! सूर्य ते फुकट करतो. मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यातून दाबाने समुद्राचं पाणी गाळणारे कारखाने हजार लिटरमागे तीन-चार युनिटांत भागवतात, पण तेवढी वीज, पडदे आणि उरलेलं दाट खारं पाणी टाकायची सोय कोणालातरी करावीच लागते.

पृथ्वीवरच्या पाण्यात गोडं जेमतेम 2.5 टक्के. त्यातलंही दोन-तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं, उरलेलं बहुतेक जमिनीखाली. नद्या-तळ्यांत अगदीच थोडं. पण ठाण्यात तर वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर दोन लाख लिटर. मग टंचाई कसली?

एक तर हा सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो. दुसरं म्हणजे आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. बेसॉल्टमध्ये पाणी मुरतं ते फक्त भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. स्पंजासारखा साठा होतच नाही. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या, त्यामुळे पाणी बघता बघता खाडीला मिळतं आणि पुन्हा खारं होतं. म्हणून भातसा, बारवी, मोरबे ही धरणं. नवी मुंबईने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं केलं, ही दूरदृष्टी होती असं मला वाटतं.

भातसा मात्र शहापूर तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. धरण खाली, पाडे वर. कातळातली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. पाणी वर चढवायला पंप, नळ आणि वीज लागते. शहराकडे येणाऱ्या पाण्यासाठी भातसा नदीवरच्या पिसे इथे पंप बसले आहेत. पाड्यावरची बाई अजून हंडा घेऊन टँकरची वाट बघते.