चाहत्यांची वर्गणी

चाहत्यांची वर्गणी : इंटरनेटवर व्हिडिओ, पॉडकास्ट, लेखन वा चित्रे देणाऱ्या निर्मात्याला प्रेक्षक-वाचकांनी स्वखुशीने, थेट दिलेला पैसा. आवडले तर एकदाच, नाहीतर दरमहा ठरावीक, अशा दोन वाटांनी तो येतो. मराठी माणसाला दोन्ही जुन्याच. कीर्तनात आरतीचे ताट फिरते. जमेल तो नाणे टाकतो, न टाकणाऱ्याला कुणी उठवत नाही. नियतकालिकाची वर्गणी ही दुसरी. यूट्यूबचा ‘सुपर चॅट’ (२०१७), म्हणजे थेट प्रक्षेपणात पैसे देऊन ठळक दाखवून घेतलेला संदेश, मात्र तमाशातल्या दौलतजादेचा सख्खा भाऊ : पैसे द्यायचे आणि नाव पुकारून घ्यायचे.

मासिक आश्रयाची आजची रीत रुळवली ती पेट्रिऑनने. जॅक कॉन्टी या संगीतकाराला व्हिडिओवर खर्च भरपूर आणि जाहिरातींतून मिळकत किरकोळ, असा अनुभव आला; सॅम यॅमसोबत त्याने २०१३ मध्ये हे संकेतस्थळ काढले. यूट्यूबची सशुल्क सदस्यता २०१८ ची; तिच्या शंभरातले सुमारे तीस रुपये यूट्यूब ठेवते.

निर्मितीमागे पैसा कुणाचा, हा प्रश्न नाशिकला नवा नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. पुढे भांडवलदारांच्या भागीदारीत नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली (१९१८), आणि भागीदारांशी न पटल्याने ते काही काळ तिच्यातून बाहेरही पडले.

जिल्ह्यात या पद्धतीची खरी कसोटी लागते ती द्राक्षबागेच्या व्हिडिओंवर. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या रोगाची धास्ती, त्यामुळे सल्ला सर्वांत जास्त तेव्हाच हवा. पण औषधे, मजुरी आणि उधारीत खिसा रिकामा असतो तोही तेव्हाच. पैसा दिसतो काढणीला, जानेवारी ते एप्रिल. बागेवर येणाऱ्या सल्लागाराला एकरी फी हंगामाच्या हिशेबाने देण्याची इथे सवय आहे; महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून रक्कम कापणारी व्यवस्था नोकरदाराच्या पगाराला बेतलेली दिसते. शिवाय सदस्यांपुरता ठेवलेला फवारणीचा तक्ता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला कितीसा वेळ लागतो! मग प्रायोजक म्हणून उरतात औषध कंपन्या, आणि त्यांच्या पैशावर सांगितलेला डोस बागायतदार दोनदा तपासतो. तो तपासतो हे बरेच. वर्गणीची खरी गरज आहे ती इथेच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती वसुलीआधी किमान २४ तास सूचना देणे बंधनकारक झाले, तेव्हा अनेक परदेशी सेवांची वसुली अडली. यूपीआयवर ‘ऑटोपे’ची, म्हणजे ठरल्या वेळी रक्कम आपोआप कापली जाण्याची, सोय २०२० मध्येच आली होती. त्याहून सोपा मार्ग म्हणजे व्हिडिओत क्यूआर कोड दाखवणे : मधल्या संकेतस्थळाचे कमिशन वाचते, पण कुणाची मुदत कधी संपली याची वही निर्मात्याने स्वतःच ठेवायची.