जोडीने बाहेर जेवणे (ग्रामीण विदर्भ)

ग्रामीण विदर्भात नवरा-बायकोने, क्वचित लग्न ठरलेल्या जोडप्याने, बाकी घर मागे ठेवून ढाब्यावर, हॉटेलात किंवा सावजी भोजनालयात जेवायला जाणे आणि जमल्यास सुटीचा दिवसही सोबत बाहेर काढणे. ‘जोडीने’ हा शब्द मुळात देवाधर्माचा. सत्यनारायणाला जोडीने बसतात, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जोडीने जातात. जेवायलाही जोडीने जावे ही त्यामानाने अलीकडची गोष्ट, आणि एकत्र कुटुंबात ती आजही निमित्ताशिवाय सहसा घडत नाही.

निमित्ते ठरलेली असतात : बँकेचे काम, दवाखाना, लग्नासाठी साडी, मोबाइलची दुरुस्ती. दुपारी मोटरसायकलवर तालुक्याला निघायचे, काम तासाभरात उरकायचे आणि दिवेलागणीला घरी फोन लावायचा, “बाजारातच उशीर झाला, आता तथीच जेवून घेतो.” बँक कधीच बंद झालेली असते हे घरी सगळ्यांना ठाऊक असते, पण फोन आला यातच मान राखला गेला, म्हणून कोणी जास्त विचारत नाही.

शनिवार-रविवार ही जोडसुटी तलाठ्यासारख्या सरकारी नोकरदारांची; बँकेतल्या कारकुनांना ती दुसऱ्या-चौथ्या शनिवारीच मिळते. शेतमजुराचा सुटीचा दिवस म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस. बऱ्याच गावांत आठवड्याच्या मजुरीचा हिशेबही त्याच सुमारास होतो. त्यांचे बाहेरचे खाणे बाजारातच होते : गरम भजी, जिलबी, आलूबोंडा, दोघांत एक चहा. त्याला कोणी ‘डिनर’ म्हणत नाही, पण दोघे एकाच पुड्यातून खात घरी येतात, तेव्हा गोष्ट तीच असते.

बाकी वेळापत्रक पिकाच्या हाती. मृगात पेरणी सुरू झाली की खिसाही रिकामा आणि सवडही नाही. सोयाबीन विकले गेले, कापूस वेचून घरात आला, की दसरा-दिवाळीच्या पुढे-मागे ढाबे भरू लागतात. भाव पडलेल्या वर्षी ही गर्दी कमी झालेलीही दिसते. श्रावणात मांसाहार बंद, अनेक घरांत गुरुवार-शनिवारही वर्ज्य. एप्रिल-मे महिन्यांत अकोला, चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. तेव्हा अंधार पडल्यावरच निघायचे आणि कूलरसमोरची जागा गाठायची.

ढाब्यावर जोडप्याला ‘फॅमिली’ म्हणतात, माणसे दोनच असली तरी. “फॅमिली आहे” असे म्हटले की पोऱ्या समोरच्या बाजा सोडून मागे नेतो : हिरवी जाळी, कुडाच्या झोपड्या, वर रंगीत दिव्यांची माळ. बायको बहुधा रस्त्याकडे पाठ करून बसते, कारण ओळखीचा ट्रॅक्टर कधी जाईल सांगता येत नाही. फॅमिलीची जागा दारूवाल्यांपासून लांब असावी, ही बायकांची पहिली अट. वर्धा जिल्ह्यात 1970च्या दशकापासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तिथे ही अट कागदावर तरी आपोआप पूर्ण होते. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली.

मागवायचे काय, यात दोन पंथ. एक पनीर, जिरा राइस आणि तंदुरी रोटीचा. घरी होत नाही ते खायचे. दुसरा सावजीचा. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचे जेवण; हातमागाचा धंदा बसत गेला तशा त्यांच्यातल्या अनेकांनी खानावळी काढल्या, आणि आता ‘सावजी’ ही पाटी विदर्भभर तालुक्याच्या गावांतही दिसते. भाजलेला खडा मसाला, सुके खोबरे, खसखस आणि जुन्या पद्धतीत जवसाचे तेल. वर लाल तर्री. मटण नको असलेल्यांसाठी बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा असतो, पण तिखटात सूट नाही. नवे जोडपे ओळखायचे तर इथे : दोघांच्या नाका-डोळ्यांतून पाणी, आणि दोघेही “एवढं काही तिखट नाही” म्हणत असतात. रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, आणि वांग्याची भाजी मात्र या यादीत नाही. ते शेतात, गोवऱ्यांच्या आरावर, वीस-पंचवीस माणसांनी मिळून खायचे जेवण. दोघांसाठी रोडगे कोणी लावत नाही.

अख्खा दिवस काढायचा तर पश्चिमेकडच्यांना चिखलदरा किंवा लोणार सरोवर, पूर्वेकडच्यांना रामटेक किंवा ताडोबा. अमरावती-अकोल्याकडची जोडपी पावसाळ्यात चिखलदऱ्याला लोटतात : धुके, भाजलेले कणीस, भीमकुंडाजवळ फोटो, मुक्काम न करता परत. ताडोबाच्या जंगलाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो आणि सफारीच्या जिप्सीचा खर्च ढाब्याच्या कित्येक जेवणांएवढा, म्हणून तो लग्नाच्या वाढदिवसासाठी राखून ठेवलेला. थंडीत शेतावरचा हुरडा असतो. मात्र तिथे मित्र, मेहुणे, लेकरे सगळेच येतात आणि जोडीने निघालेली माणसे बघता बघता पंगतीत हरवतात.

लग्न न ठरलेल्यांसाठी यातले फारच थोडे खुले आहे. कॉलेजातली मुले-मुली तालुक्याच्या ज्यूस सेंटरवर भेटतात, मैत्रीण सोबत घेऊन, शेवटच्या एसटीच्या आधी. गाव लहान आणि नाती लांबवर पसरलेली. काउंटरवरचा माणूस मामाच्या ओळखीचा निघतो.

लग्न झालेल्यांना आणखी एक कर भरावा लागतो, पार्सलचा. बिल मागवण्याआधी बायको विचारते, “मायले काय नेता?” सासूसाठी बिनतिखट दालफ्राय आणि दोन रोट्या, लेकरांसाठी पापड. पिशवी गाडीच्या हूकला अडकवली जाते, तिची गाठ दोनदा तपासली जाते, तरी घर येईपर्यंत रस थोडा सांडतोच. जेवण कितीला पडले हे घरी विचारले जाते. उत्तर साधारण निम्म्याने कमी सांगितले जाते, आणि तो आकडा दोघांनी गाडीवर येता येताच पक्का केलेला असतो.